मी कशाला ‘आमेन’ म्हणालो?

प्रिय शांता,

आज पेंटेकॉस्ट. चर्चमधून आलो, चपला दारात काढल्या आणि तसाच लिहायला बसलो. शर्टही बदललेला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, “आधी कपडे तरी बदला की हो, इस्त्री मोडते.” मोडू दे. आत्ता लिहिलं नाही तर पुन्हा कधीच लिहून होणार नाही, एवढा मी मला ओळखतो.

मला बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? लिहिण्याचंही तसंच. पाटबंधारे खात्यात जन्मभर “उपरोक्त विषयास अनुसरून” लिहीत आलो. तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, कारण आपण कधी लांब राहिलो नाही. पण आज एक गोष्ट घडली आणि ती सांगायला घरात कुणी नाही. आशिषचा पनवेलहून फोन येतो, पण त्याला सांगण्यासारखी ती नाही. तुलाच सांगण्यासारखी आहे. खरं तर तुलाच विचारण्यासारखी.

आज मी चर्चमध्ये बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला. कन्नडमधून!

हसलीस ना? हस. तुझ्या माहेरची भाषा मला तीस-पस्तीस वर्षांत चहा-पाण्याइतकीसुद्धा आली नाही, आणि आज मी अख्ख्या मंडळीसमोर उभा राहून कन्नड वाचलं.

आपल्या चर्चची रीत तुला आठवतच असेल. त्या दिवशी वाऱ्याच्या सोसाट्यात, अग्नीच्या जिभांसारखा शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, म्हणून दर पेंटेकॉस्टला तो अध्याय ज्याने त्याने आपल्या मातृभाषेतून थोडा थोडा वाचायचा. मराठी, कोकणी, हिंदी, कॉलेजवाले जोसेफसर मल्याळम आणि तू कन्नड. रत्नागिरीत तेवढ्या तासाभरात केवढा देश गोळा व्हायचा! तू लाल काठाची साडी नेसायचीस आणि चष्मा न लावता वाचायचीस. तुला पाठच होतं.

तू गेल्यावर चर्चच्या जुन्या पाळकांनी तुझी जागा भरली नाही. मल्याळम झालं की ते म्हणायचे, “कन्नड.” आणि सगळे थोडा वेळ गप्प उभे राहायचे. मग इंग्रजी. कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होत गेलं. त्या शांततेत मी बुटांकडे बघत उभा राहायचो.

आता नवीन पाळक आलेत. चांगला मुलगा आहे, उत्साही आहे. सणाच्या तयारीत मला म्हणाला, “काका, कन्नडच्या वेळी म्हणे सगळे गप्प उभे राहतात, ते का? लहान मुलं हसायला लागतात असं ऐकलं.” मी कारण सांगितलं. तो ओशाळला. म्हणाला, “माफ करा काका, मला माहीत नव्हतं. पण तुमची हरकत नसेल तर यंदा सरळ पुढे जाऊ या का?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी वाचतो.”

सगळ्यांना वाटलं, बायकोची जागा राखायला म्हातारा वाचतोय. वाटू दे. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. मला तुझी ती प्रार्थना शोधायची होती. दाराआडची.

अलोऱ्यापासून सुरुवात केली पाहिजे. आपलं लग्न होऊन मला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि तू बेळगावकडून थेट तिथे आलीस. जवळपास चर्च नाही. पहिला पेंटेकॉस्ट आला तेव्हा मी म्हटलं, यंदा राहू दे. तू म्हणालीस, “राहू दे कसं? आपण दोघं आहोत ना? तेवढे पुरतात.” सकाळी तू कन्नडमधून अध्याय वाचलास, असा ठणठणीत, की संध्याकाळी शेजारच्या क्वार्टरमधला माझा सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “काय साहेब, नवीन लग्न आणि वहिनींनी सकाळी सकाळी कुणाला एवढं झापलं?”

वाचन झाल्यावर तू म्हणालीस, “आता प्रार्थना तुम्ही करा. घरधनी आहात.” मला लोकांपुढे बोलता येत नाही, आणि देवापुढे त्याहून नाही. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि म्हणालीस, “बरं, मागायचं मी बघते. तुम्ही आमेन म्हणा. तेवढं तरी जमेल ना? आमेन म्हणजे सही. सरकारी माणूस तुम्ही, न वाचता सही करायची सवय असेलच!”

तेव्हापासून आपल्या घराचा तो नियमच झाला. एकाने मागायचं, दुसऱ्याने आमेन म्हणायचं. दुसऱ्याच्या आमेनशिवाय प्रार्थना पुरी झाली असं तू मानायची नाहीस. आशिष लहानपणी तापला, माझी बदली झाली, तू सिव्हिलमध्ये नर्स म्हणून लागलीस, सगळं तू मागितलंस आणि मी सही केली. प्रत्येक वेळी मराठीत मागायचीस, मला कळावं म्हणून. कन्नड फक्त तुझ्या बहिणीशी, विमलशी फोनवर. आणि चिडलीस की.

मग तो आजार आला.

तू निवृत्त झाली होतीस, तरी ओळखीच्या कुणाला इंजेक्शन दे, कुणाच्या म्हातारीला बघ, असं चाललेलं होतं. तुला ताप आला तसं तूच आतल्या खोलीत गेलीस आणि आतून कडी घातलीस. मी म्हटलं, कडी कशाला? तर म्हणालीस, “तुमचा भरवसा नाही. चहा घेऊन आत याल. तुमची छाती आधीच तशी, तुम्हाला लागलं तर तुम्ही वाचायचे नाही.” माझा दमा घरात तिसऱ्या माणसासारखा राहायचा. सगळ्यांना माझीच भीती होती. आशिष फोनवर तेच, डॉक्टर तेच. मी पेज दाराशी ठेवायचो, मागे सरायचो, मग कडी वाजायची आणि तुझा हात दिसायचा.

बोटाला लावायचं मशीन तुझ्याजवळ. आकडा तूच ओरडून सांगायचीस. “चांगला आहे!” चांगला म्हणजे किती, ते कधी सांगितलंस का? मीही नर्सला काय विचारायचं म्हणून विचारलं नाही.

त्यात पेंटेकॉस्टचा रविवार आला. चर्च बंद. पाळकांची उपासना मोबाईलवर येणार होती. तू आतून म्हणालीस, “मोबाईल दाराला टेकवून ठेवा, म्हणजे मलाही ऐकू येईल.” मी स्टूल ठेवलं, त्यावर मोबाईल, शेजारी मेणबत्ती, आणि वाटीत परसातलं लाल जास्वंद. तुला ते दिसणार नव्हतं. तरी ठेवलं. पहिलं गीत अर्ध्यावर आलं आणि पाळक हात वर केलेले तसेच थिजले. बाहेर सकाळपासून वारं सुटलेलं होतं. वीज गेली, मग नेटवर्कही गेलं.

मी म्हटलं, “आता काय?”

“आता काय म्हणजे? अलोऱ्यात कुठे होता मोबाईल? वारा तर आलाच आहे, मेणबत्ती पेटवलीत म्हणजे अग्नीपण झाला. करा सुरू!”

मी मराठीतून वाचलं. मग तू आतून कन्नड सुरू केलंस. थोडं झालं आणि थांबलीस. “पुढचं पाठ आहे हो, दमच नाही.” मग म्हणालीस, “आज तुम्ही मागा. मला बोलताना धाप लागते.”

शांता, मी खरंच प्रयत्न केला. “हे प्रभू” म्हणालो. पुढे काही सुचेना. दाराखालच्या फटीतून तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मला एक वाक्य जुळवता येईना! तू वाट पाहिलीस. मग हसलीस आणि त्या हसण्याचा खोकला झाला. “आत्मा उतरला तरी तुमची जीभ काही सुटायची नाही! राहू दे. मी मागते. तुम्ही सही करा.”

तू मराठीत सुरुवात केलीस. आशिषसाठी मागितलंस. सिव्हिलमधल्या तुझ्या पोरींसाठी, बंदर बंद म्हणून घरी बसलेल्या मच्छीवाल्या बायकांसाठी मागितलंस. मग जरा थांबलीस, आणि पुढचं कन्नडमध्ये.

ते वाचल्यासारखं नव्हतं. खोलीत कुणी खुर्चीवर बसलं आहे आणि तू त्याच्याशी हळू आवाजात बोलते आहेस, तसं होतं. मला त्यातलं एकच कळलं. माझं नाव. वसंत. तू मला कधी नावाने हाक मारली नाहीस. “अहो”, “ऐकलंत का”, फार तर “आशिषचे पप्पा”. माझं नाव तू फक्त देवाजवळ घ्यायचीस. आणि त्या दिवशी ते पुन्हा पुन्हा येत होतं. मागे काय, पुढे काय, कळत नव्हतं.

मग तू थांबलीस. माझी वाट बघत राहिलीस.

आणि मी आमेन म्हणालो. एरवी पुटपुटतो, त्या दिवशी खणखणीत म्हणालो. मला बरं वाटलं गं, निदान एवढं तरी तुझ्या मनासारखं केलं म्हणून. तू फक्त “हं” म्हणालीस.

त्याच आठवड्यात तुला ॲम्ब्युलन्समधून नेलं. तू कडी काढून चालत बाहेर आलीस, तोंडावर मास्क होता, हात वर केलास. दारातलं स्टूल तसंच होतं, जास्वंद वाळलेलं. परत आलीच नाहीस. कब्रस्तानात मला फाटकापाशी उभं केलं. पाळकांनी लांबून प्रार्थना केली, शेवटी चार माणसं आमेन म्हणाली. माझं तोंड उघडलं नाही.

नंतर मलाही ताप आला. मी म्हटलं, बरं झालं. शेजारच्या वहिनी फाटकाला डबा अडकवून जायच्या. आणि काय झालं माहीत आहे? काही नाही! साधा ताप, थोडा खोकला, आणि मी बरा. माझी छाती, जिची सगळ्यांना धास्ती होती, तिने काही केलं नाही. डॉक्टर म्हणाले, “नशीबवान आहात.”

तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात ते आलं. तू काय मागितलंस शांता? मला ठेव आणि तुला ने, असं मागितलंस का? आणि मी त्याच्यावर सही केली का?

मराठीत का नाही मागितलंस? जन्मभर मला कळावं म्हणून मराठीत मागत आलीस आणि त्या दिवशीच कन्नडमध्ये कशाला? मला कळलं असतं तर मी आमेन म्हणालो नसतो हे तुला माहीत होतं, म्हणूनच ना?

त्यानंतर मी आमेन म्हटलेलं नाही. चर्चला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, सगळे म्हणतात तेव्हा खाली बघतो. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गप्प माणसाचा एवढा एक फायदा.

यंदा वाचायचं कबूल केलं आणि विमलला फोन केला. ती एक एक वाक्य म्हणायची, मी ते मराठी अक्षरांत उतरवून घ्यायचो आणि परत म्हणून दाखवायचो. हसून हसून तिचा जीव जायचा. “भावजी, तुम्ही वाचताय की बसस्टँडवर गाड्या पुकारताय? जरा हळू की हो!” रोज संध्याकाळी हा तास चालायचा. मी कान लावून बसायचो. वाटायचं, यातला एखादा शब्द येईल आणि मी ओळखेन, की हा! हाच दाराआडून आला होता. मग त्याचा अर्थ विमलला विचारता येईल.

एकही ओळखता आला नाही. सगळे शब्द सारखेच वाटत होते. तुझ्या आवाजात नव्हते, म्हणून असेल.

शेवटच्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. दार, वारा, माझं नाव, आमेन. विचारलं, “विमल, तिने काय मागितलं असेल?”

आधी ती म्हणाली, “तुमच्या चहातली साखर कमी होऊ दे म्हणाली असेल. कायम तेच गाऱ्हाणं होतं तिचं.” मी हसलो नाही.

मग म्हणाली, “भावजी, एक सांगू? लपवायला नसेल हो ती कन्नड बोलली. आमची आईपण शेवटी कन्नडच बोलली, समोर मराठी सून बसली होती तरी. अंगात ताकद उरली नाही की माणसाला दुसरी भाषा जुळवता येत नाही. दुखलं की माणूस ज्या भाषेत रडायला शिकला त्याच भाषेत ओरडतो.”

तिने माझं समाधान करायला सांगितलं. पण तू विचार कर. मग तर ते आणखी वाईट नाही का? म्हणजे तू मराठी सोडलीस तेव्हाच तुझी ताकद संपलेली होती. तू नाही, तुझी भाषा मला सांगत होती की दार तोडा, गाडी बोलवा. आणि मी दाराबाहेर डोळे मिटून, हात जोडून, ती प्रार्थना आहे म्हणून शेवटपर्यंत ऐकून घेतली!

विमल म्हणाली, “मला फोन लावून दाराशी धरायचा होता.” मग तिलाच आठवलं, नेटवर्क नव्हतं. समजणारं एकच माणूस, आणि त्या दिवशी तिच्यापर्यंत आवाज जाईना.

आता आजचं सांगतो.

मल्याळम झालं. पाळक म्हणाले, “कन्नड.” मी उभा राहिलो. कागद उघडला आणि वाचलं. कुठे अडलो नाही. विमलने शिकवल्यासारखं हळू वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की समोर एकालाही काही कळत नाही. त्या मूळच्या दिवशी ज्याला त्याला आपल्या भाषेत ऐकू आलं, आणि इथे ऐकणाऱ्यांना कळत नाही ते सोड, वाचणाऱ्यालाही कळत नाही. आत्मा उतरायचा तर कुठल्या वाटेने उतरणार? मी ओळी संपवत राहिलो.

शेवटची ओळ संपली आणि मंडळी एकदम म्हणाली, “आमेन!”

एरवी वाचनानंतर कुणी म्हणत नाही. आज म्हणाले, माझ्यासाठी म्हणून, तुझ्यासाठी म्हणून. मागे दोन बायका डोळे पुसत होत्या. आणि मला असा राग आला शांता, की ओरडावंसं वाटलं. कशाला म्हणता? काय वाचलं ते कळलं का तुम्हाला? मी यात काहीही म्हटलं असतं तर? तुमच्यातल्या कुणाला तरी ने, असं म्हटलं असतं तर?

ओरडलो नाही. मी कधी ओरडलोय? जागेवर जाऊन बसलो. बाहेर आल्यावर जोसेफसर हात हातात घेऊन म्हणाले, “अगदी सिस्टर शांतांसारखं वाचलंत.” मी मान हलवली. पाळक म्हणाला, “काका, आता कन्नड तुमच्याकडे.” त्यालाही मान हलवली. रिक्षा केली आणि घरी आलो.

आतल्या खोलीचं दार उघडंच असतं आता. कडी मी काढून टाकली, तिची भोकं तेवढी राहिली आहेत. स्टूल आज पुन्हा तिथे ठेवून बघितलं. जास्वंद नाही ठेवलं. थोडा वेळ बसलो. तू जिथे थांबली होतीस तिथे थांबलो. वाटलं, आज भाषा तोंडात बसली आहे, आज तरी आठवेल. फक्त माझं नाव आठवतं. बाकी नुसता आवाज, आणि तोही आता तुझा की विमलचा, सांगता येत नाही. म्हणजे शोधायला गेलो आणि होतं तेही पुसून आलो.

दोन्हीतलं खरं काय, मला कधीच कळायचं नाही. तू मला वाचवायला स्वतःला देऊन टाकलंस, की तू हाका मारत होतीस आणि मला कळलं नाही? एकाचा भार उचलू म्हटलं तर दुसरं समोर येतं. पाळक म्हणतात, देवाला सगळ्या भाषा कळतात. कळत असतील. मग त्याने ऐकलं, आणि तरी हे असंच केलं.

तुला एक वचन देतो. मी दिलेली वचनं थोडीच, त्यामुळे ती तुझ्या लक्षात असतील.

दर पेंटेकॉस्टला तुझी ओळ मी वाचीन. पाय चालतात तोवर चर्चला जाऊन, मग इथे, या दाराशी. तुझी जागा कुणी गाळणार नाही. पण आमेन मी म्हणणार नाही. तुझी ती प्रार्थना माझ्या आमेनने पुरी झाली, ते मला परत घेता येत नाही. निदान त्यानंतरच्या कशावर न वाचता सही करायची नाही, एवढं माझ्या हातात आहे. तुला आवडणार नाही, माहीत आहे. नियम तुझा होता. पण मागणारीच गेल्यावर नियम कुणी पाळायचा?

आपली पुन्हा गाठ पडेल म्हणतात. मला पूर्वीसारखी खात्री राहिलेली नाही, तुला खोटं कशाला सांगू? पण पडलीच, तर आधी मला बसव आणि तेच सगळं पुन्हा म्हण. सावकाश. मराठीत. मी पूर्ण ऐकून घेईन, आणि मग सांगेन, सही करतो की नाही ते.

तोवर ते तसंच राहू दे.

तुझा,
वसंत